एका पोकळ शब्दाची गोष्ट

इंग्रजीतले काही शब्द मराठीत आणायला बसलं की ते उंबरठ्यावरच अडून बसतात. ‘व्हॅनिटी’ हा त्यातलाच एक. कोणताही इंग्रजी-मराठी कोश उघडून पाहा, या शब्दासमोर अर्थांच्या दोन रांगा दिसतील. पहिल्या रांगेत पोकळ डौल, दिमाख, फुशारकी, वृथाभिमान, आपल्या रूपागुणांची घमेंड. दुसऱ्या रांगेत व्यर्थता, असारता, निष्फळता, फोलपणा. पहिल्या रांगेतली माणसं आरशासमोर उभी आहेत, दुसऱ्या रांगेतली नुकतीच स्मशानातून परतली आहेत. या दोघांना एकाच नावानं हाक मारायची गरज इंग्रजांना का पडली असावी?

भाषांतरकाराला यातलं एक निवडावं लागतं आणि एक निवडलं की दुसरं निसटतं. थॅकरेच्या ‘व्हॅनिटी फेअर’ या प्रसिद्ध कादंबरीचंच नाव घ्या. ‘दिमाखाचा बाजार’ म्हटलं तर त्यातलं वैराग्य जातं, ‘असार बाजार’ म्हटलं तर त्यातली गंमत जाते. पण शब्दाचं मूळ शोधत मागे गेलं की लक्षात येतं, हे दोन अर्थ शेजारी नाहीत, सख्खे भाऊ आहेत.

लॅटिनमध्ये ‘व्हानुस’ म्हणजे रिकामा, पोकळ. त्याचं भाववाचक नाम ‘व्हानितास’. ते फ्रेंचमधून इंग्रजीत आलं साधारण १२०० च्या सुमारास. तेव्हा त्याचा अर्थ होता कवडीमोलाची, निष्फळ गोष्ट. घमेंड हा अर्थ त्याला चौदाव्या शतकाच्या मध्यास चिकटलेला दिसतो. म्हणजे आधी वस्तू पोकळ होती, मग त्या पोकळ वस्तूच्या जिवावर मिरवणारा माणूस पोकळ ठरला.

आपल्याकडे हे कोणत्याही शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. सुपात धान्य पाखडताना वाऱ्यावर उडून जातं ते फोल. हाच शब्द आपण पुढे ‘त्याचे सगळे प्रयत्न फोल ठरले’ असा वापरतो. आणि शेतात भरलेलं कणीस वाकतं, पोचट कणीस ताठ उभं राहतं. एकाच कणसात ताठाही आहे आणि निष्फळताही. मराठीत दोन अर्थांना मिळून एक शब्द नसेल, पण एक म्हण जरूर आहे: बडा घर, पोकळ वासा. घराचा बडेजाव आणि वाशातली पोकळी अशी इथे एका दमात सांगितली आहे. दुसरी म्हण आणखी झोंबणारी: घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा.

पण इंग्रजीत या शब्दाला जे गांभीर्य आलं ते शेतातून आलं नाही, धर्मग्रंथातून आलं. बायबलच्या जुन्या करारात ‘उपदेशक’ नावाचं एक छोटं पुस्तक आहे. परंपरा ते शलमोन राजाच्या नावावर मांडते. ज्यानं महाल बांधले, बागा लावल्या, सोनं साठवलं, ज्ञानही मिळवलं, असा एक माणूस त्यात बोलतो आणि प्रत्येक गोष्टीच्या हिशेबाखाली एकच शब्द लिहितो. हा मूळ हिब्रू शब्द ‘हेवेल’. या लहानशा पुस्तकात तो ३८ वेळा येतो. आपण ‘राजाधिराज’ म्हणतो त्या धर्तीवर तो त्याची दुहेरी जोडीही करतो. आता ‘हेवेल’चा शब्दशः अर्थ घमेंड नाही आणि व्यर्थही नाही. त्याचा अर्थ आहे श्वास, वाफ. थंडीच्या पहाटे तोंडातून निघते आणि बघता बघता नाहीशी होते ती. पृथ्वीवर पहिला खून ज्याचा झाला त्या हाबेलचं हिब्रूतलं नावही हेच.

चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोम यानं हिब्रूवरून लॅटिन भाषांतर करताना या वाफेसाठी ‘व्हानितास’ हा शब्द निवडला. मूळ शब्दात वाफ आहे हे त्याला ठाऊक होतं, आधीच्या काही ग्रीक भाषांतरकारांनी तसं केल्याची नोंद त्यानं स्वतःच केली आहे. तरीही त्यानं पोकळपणाचा शब्द घेतला. तोच पुढे १६११ च्या राजा जेम्सच्या इंग्रजी बायबलमध्ये ‘व्हॅनिटी’ म्हणून स्थिरावला. फरक बारीक आहे, पण मोठा आहे. वाफ क्षणभर तरी असते, तिला ऊब असते, तिच्याकडे पाहून माणूस हळहळतो. पोकळ म्हटलं की ती नव्हतीच असं होतं आणि माणूस नाक मुरडतो. जाणाऱ्या आयुष्याविषयीची हळहळ एका भाषांतरात निवाड्यासारखी झाली. मराठी बायबलनं ‘व्यर्थ’ हा शब्द घेतला तोही निवाड्याच्याच बाजूचा.

निवाडा आला की शिक्षा आली. फ्लॉरेन्स शहरात ७ फेब्रुवारी १४९७ या दिवशी साव्होनारोला नावाच्या भिक्षूच्या प्रभावाखाली नगराच्या मुख्य चौकात मोठा ढीग रचला गेला. आरसे, अत्तरं, रंगीत वस्त्रं, पत्ते, वाद्यं, चित्रं, पुस्तकं. या सगळ्यांचं एकच नाव होतं: व्हॅनिटीच्या वस्तू. त्यांची होळी झाली. पुढच्याच वर्षी, २३ मे १४९८ ला, त्याच चौकात साव्होनारोलाला फाशी देऊन त्याचा देह जाळण्यात आला. वैराग्याचाही एक दिमाख असतो आणि त्यालाही प्रेक्षक लागतात, हे त्या चौकानं दोनदा पाहिलं.

सतराव्या शतकातले डच चित्रकार अधिक व्यवहारी. त्यांनी वस्तू जाळल्या नाहीत, रंगवल्या. लायडन या विद्यापीठाच्या गावी ‘व्हानितास’ याच नावानं ओळखला जाणारा चित्रप्रकार भरभराटीला आला. मेजावर कवटी, विझलेला दिवा, वाळूचं घड्याळ, नाणी, साबणाचे फुगे. हार्मेन स्टीनवाइक याचं १६४० च्या सुमाराचं असं एक चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यात कवटीवर तिरपा उजेड पडला आहे आणि भोवती पुस्तकं, वाद्यं, एक सुंदर शंख आणि एक जपानी तलवार मांडली आहे. शंख आणि तलवार कुठून आली? समुद्रापलीकडच्या व्यापारातून. आणि हे चित्र विकत कोण घेणार? तोच व्यापारी. सर्व काही पोकळ आहे असं सांगणारं चित्र तो भारी चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावणार आणि पाहुण्यांना दाखवणार! एकाच चित्रात शब्दाचे दोन्ही अर्थ इतके सुखानं नांदलेले दुसरीकडे क्वचितच सापडतील.

इंग्रजीत या शब्दाचा बाजार भरवला तो जॉन बन्यननं. कल्हईवाल्याचा हा मुलगा परवानगीशिवाय धर्मोपदेश केला म्हणून बेडफर्डच्या तुरुंगात बारा वर्षं होता. त्याचं ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ १६७८ साली निघालं. त्यातला यात्रेकरू स्वर्गनगरीकडे जाताना ‘व्हॅनिटी’ नावाच्या गावातून जातो. तिथे बारमाही जत्रा भरलेली असते. घरं, जमिनी, हुद्दे, पदव्या, राज्यं, सुखं, सगळं विकायला. दोन यात्रेकरू काहीच घेत नाहीत, एवढ्यावरून गावकरी खवळतात. त्यांच्यावर खटला चालतो आणि एकाला जिवंत जाळतात. बाजारात काही न घेणारा माणूस हा बाजाराला सर्वांत मोठा धोका वाटतो, हे बन्यननं बरोबर ओळखलं होतं.

ही जत्रा मराठीत फार लवकर आली. हरि केशवजी यांनी १८४१ साली या पुस्तकाचं ‘यात्रिकक्रमण’ हे मराठी रूप केलं. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही मराठीतली पहिली कादंबरी १८५७ ची. म्हणजे मराठी कादंबरी जन्मण्याआधी सोळा वर्षं हा पोकळ बाजार आपल्या भाषेत भरून गेला होता.

बन्यनकडून हे नाव उचललं विल्यम मेकपीस थॅकरेनं. त्याची ‘व्हॅनिटी फेअर’ जानेवारी १८४७ पासून जुलै १८४८ पर्यंत दरमहा सुटा भाग अशी निघाली. मी आयुष्यभर बँकेच्या नोकरीत असल्यामुळे असेल, पण ही कादंबरी मला नेहमी बुडालेल्या पैशाची कादंबरी वाटत आली. थॅकरेचा जन्म १८११ चा, कलकत्त्याचा. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत होते. ते लवकर वारले आणि पोराला लहानपणीच विलायतेला पाठवण्यात आलं. वयात आल्यावर हाती आलेला वारसा काही जुगारात गेला आणि बराचसा १८३३ च्या सुमारास कलकत्त्याच्या मोठ्या पेढ्या बुडाल्या त्यात गेला. पोटासाठी लेखणी धरावी लागली ती त्यानंतर.

या कादंबरीची चतुर नायिका बेकी शार्प सगळ्यांना आठवते. हिंदुस्थानातून आलेल्या श्रीमंत कलेक्टरावर छाप पाडायला ती आधी तिखट रस्सा गिळते आणि मग ‘चिली’ या नावावरून काहीतरी थंडगार असेल असं समजून हिरवी मिरची तोंडात टाकते. मिरचीचा तो प्रसंग वाचून मराठी माणूस जरा जास्तच हसतो. पण माझ्या मनात घर केलं आहे ते म्हाताऱ्या सेडलीनं. हा लंडनचा रोखेबाजारातला दलाल. १८१५ साली नेपोलियन एल्बा बेटावरून परतला, रोख्यांचे भाव कोसळले आणि सेडलीचं दिवाळं वाजलं. घरातल्या सामानाचा लिलाव झाला. ज्या मित्राला त्यानं धंद्यात उभं केलं होतं तोच सर्वांत कडवा धनको निघाला. पुढे हा सेडली एका कॉफीघरात येऊन बसतो. जवळ कागदपत्रांचं मळकट पुडकं असतं. ते सोडतो, मांडतो, पुन्हा बांधतो. कधी दारूचा, कधी कोळशाचा व्यापार काढतो. कोणी ओळखीचं आलं की मोठी उलाढाल चालू असल्यासारखं बोलतो.

याला घमेंड म्हणायचं की निष्फळता? इंग्रजी माणूस ‘व्हॅनिटी’ म्हणून मोकळा होईल. बँकेच्या काउंटरपलीकडे असे कागदांचे पुडके सांभाळणारे गृहस्थ मी बरेच पाहिले. त्यांच्या इस्त्रीच्या शर्टाची कॉलर उसवलेली असायची, पण पेन खिशात दिसेल असंच लावलेलं असायचं. त्या पेनकडे पाहून मला कधी हसू आलं नाही.

घमेंड आणि व्हॅनिटी यांतला फरक जेन ऑस्टिननं १८१३ च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये एका पात्राच्या तोंडून सांगितला आहे. मेरी बेनेट ही पुस्तकी मुलगी म्हणते, त्याचा आशय असा: अभिमान हा आपण स्वतःला काय समजतो याच्याशी निगडित असतो, व्हॅनिटी ही दुसऱ्यांनी आपल्याला काय समजावं याच्याशी. गंमत अशी की मेरी हे बोलते ते स्वतःची विद्वत्ता चारचौघांत दिसावी म्हणून. पण व्याख्या चोख आहे. गर्विष्ठ माणसाला कोणाची गरज नसते. व्हॅनिटीला मात्र दुसऱ्याचे डोळे लागतात. ते नसतील तर निदान आरसा लागतो.

आरशाच्या वाटेनंच हा शब्द पुढे घरात शिरला. प्रसाधनाचं सामान ठेवायची ती व्हॅनिटी केस, आरसा जोडलेलं ते व्हॅनिटी टेबल. आपल्याकडे बायकांच्या हातातल्या पर्सला एके काळी सर्रास व्हॅनिटी बॅग म्हणत आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. नव्वदच्या दशकात हिंदी सिनेमाच्या चित्रीकरणस्थळी व्हॅनिटी व्हॅन आली. ती आणण्याचं श्रेय अभिनेत्री पूनम धिल्लन यांना दिलं जातं. त्याआधी नट्यांना कपडे बदलायला झाडाचा किंवा चादरीचा आडोसा शोधावा लागे, म्हणजे या व्हॅनिटीत चैनीपेक्षा अब्रूचाच भाग अधिक. आणि आता न्हाणीघरातल्या वॉशबेसिनखालच्या कपाटालासुद्धा दुकानदार व्हॅनिटी युनिट म्हणतो. उपदेशकाचा तो उदास शब्द शेवटी साबण-ब्रशच्या कपाटावर येऊन विसावला!

आम्हा लेखकांनाही या शब्दानं सोडलेलं नाही. स्वतःच्या पैशानं पुस्तक छापून घेणं, आपल्या भाषेत पदरमोड करून पुस्तक काढणं, याला इंग्रजीत व्हॅनिटी पब्लिशिंग म्हणतात. त्यात कुचेष्टा आहे. पण वॉल्ट व्हिटमननं १८५५ साली ‘लीव्हज ऑफ ग्रास’ स्वखर्चानं छापलं. काही पानांचे खिळे स्वतः जुळवले आणि वर निनावी परीक्षणं लिहून आपलीच तारीफही केली. याहून अधिक दिमाख तो काय असणार? पण त्या पुस्तकानं अमेरिकन कवितेचं वळण बदललं. दिमाख होता, निष्फळता मात्र नव्हती. पदरमोड करणाऱ्या प्रत्येकाच्या नशिबी हे नसतं, पण आधीच हसायचा अधिकार कोणालाच नाही.

आता एक प्रसंग सांगतो. मी एका निमशहरी शाखेत कर्जविभाग पाहत होतो. कारखान्यात टाइमकीपर असलेले एक गृहस्थ मुलीच्या लग्नासाठी कर्ज मागायला आले. मी पगारपत्रक पाहिलं, कागदावर हिशेब मांडला आणि म्हटलं, “काका, याच्या निम्मी रक्कम घ्या. कार्यालयाऐवजी देवळात लग्न करा, दोन पक्वान्नं कमी करा. हप्ता तुमच्या पगाराचा तिसरा हिस्सा खाणार आहे.” त्यांनी हिशेब नीट वाचला. म्हणाले, “साहेब, हिशेब बरोबर आहे तुमचा. पण थोरल्या भावाच्या मुलीचं लग्न याच मांडवात झालंय. माझी पोर उद्या त्याच गोतावळ्यात नांदणार. मला कोणी काही बोललं तर मी ऐकून घेईन. तिला कोणी उणं बोलायला नको.”

नियमात बसत होतं तेवढं कर्ज मंजूर झालं. पाच वर्षं दर महिन्याच्या सात तारखेला ते स्वतः हप्ता भरायला येत. एकही हप्ता चुकला नाही. खातं बंद झालं तेव्हा कर्ज फिटल्याचा दाखला त्यांनी चार घड्या करून वरच्या खिशात ठेवला. तीन तासांच्या समारंभासाठी पाच वर्षं. उपदेशकाच्या मापानं ही व्हॅनिटीच. पण त्यातला दिमाख कोणाचा होता आणि कोणासाठी होता, हे त्या मापात बसत नाही.

पुढे निवृत्तीनंतर शब्दांच्या व्युत्पत्ती चाळण्याचा नाद लागला, तेव्हा त्या गृहस्थांचा ‘उणं’ हा शब्द मला अनपेक्षित ठिकाणी भेटला. लॅटिन ‘व्हानुस’च्याही मागे गेलं की भाषाशास्त्रज्ञ एक प्राचीन धातू दाखवतात. त्याचा अर्थ सोडून जाणं, रिकामं होणं, कमी पडणं. याच धातूपासून इंग्रजीत क्षीण होणाऱ्या चंद्रासाठी ‘वेन’ आला. याच्यातूनच ‘वॉन्ट’ आला. त्याचा आधीचा अर्थ होता उणीव आणि नंतर झाला इच्छा. आणि याच धातूपासून संस्कृतात आला ‘ऊन’. उन्हाळ्यातलं ऊन नव्हे, कमी पडलेलं ते ऊन.

म्हणजे हा शब्द परका नाहीच. तो आपल्या पाढ्यांत आहे. एकोणीस म्हणजे एकानं ऊन वीस. आपण वजाबाकीत ‘दहा उणे चार’ म्हणतो त्यात तो आहे. उणीव, उणीदुणी, उणंपुरं या सगळ्यांत तो आहे. आणि ‘न्यून’ या शब्दातही तोच आहे. ‘नि’ला ‘ऊन’ जोडला की ‘न्यून’. म्हणजे दिमाखासाठी इंग्रजांनी जो शब्द घेतला त्याचं आणि आपल्या ‘न्यूनगंडा’चं कूळ एकच. व्हिएन्नाचा मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड आडलर यानं विसाव्या शतकात मांडलं, की स्वतःला मोठं दाखवण्याच्या धडपडीखाली बहुतेक वेळा आपण कमी आहोत ही ठसठस असते. भाषेनं हे नातं त्याच्या फार आधी जोडून ठेवलं होतं.

म्हणून या शब्दाच्या दोन रांगा मला आता वेगळ्या वाटत नाहीत. ज्याच्याकडे जास्त आहे तो मिरवतो, हा आपला समज. मिरवतो तो बहुधा ज्याला काहीतरी कमी पडलेलं आहे तो. सेडलीच्या पुडक्यात पैसा कमी पडला होता, बेकीच्या मिरचीत कूळ कमी पडलं होतं, टाइमकीपरच्या मांडवात भावाइतकी ऐपत कमी पडली होती. ती जागा भरून निघत नाही, हे खरं. पोकळी दिमाखानं भरत नसते आणि त्या अर्थी तो व्यर्थच. पण व्यर्थ म्हणताना साव्होनारोलासारखी होळी पेटवायची, की हिब्रूतल्या त्या मूळ शब्दासारखं, थंडीतल्या वाफेकडे पाहावं तसं पाहायचं, एवढं तरी आपल्या हाती उरतं.

आपल्याकडे लग्न लागतं, पंगती उठतात, वाजंत्री थांबते. मांडवाच्या दाराशी मुलीचा बाप व्याह्यांपुढे हात जोडून उभा राहतो. कर्ज काढून त्यानं सगळं यथासांग केलेलं असतं, आहेर झालेला असतो, मानपान झालेला असतो. तरीही तो म्हणतो, “काही उणं-अधिक झालं असेल तर सांभाळून घ्या.” व्याही समंजस असेल तर म्हणतो, “छे छे, कुठे काय उणं होतं?” त्या उत्तराची किंमत किती असते, हे तेव्हा त्या बापालाच ठाऊक असतं.